अकरा महिन्यांचे लग्न

या अंकासाठी लिहावे असे संपादकांनी कळवले, तेव्हा विषयाबरोबर शब्दमर्यादाही कळवली. मी उलटटपाली शब्दमर्यादेला आक्षेप घेणारे पत्र पाठवले. ते पत्र या लेखापेक्षा थोडे मोठे झाले होते. उत्तर आले नाही. मौन म्हणजे संमती असे कायदा सरसकट मानत नाही, हे मला पूर्ण ठाऊक आहे. तरी या एका बाबतीत मी ते मानून चाललो आहे.

मी वकील आहे. उमेदीची काही वर्षे केंद्र सरकारच्या एका खात्यात कायद्याचे मसुदे करण्यात गेली, उरलेली दिल्लीच्या कौटुंबिक न्यायालयात. जन्म दिल्लीच्या हिंदूराव रुग्णालयातला. ग्वाल्हेरच्या एका मराठी सरदाराचे नाव मिरवणाऱ्या त्या इमारतीत मी पहिला आक्षेप नोंदवला आणि दाई घाबरली, असे माझी आई सांगे. तेव्हापासून आक्षेप थांबलेले नाहीत. महानगरपालिका, वीज कंपनी, वर्तमानपत्रे, विधी मंत्रालय आणि आमच्या पटपडगंजच्या सोसायटीचे सचिव या सर्वांकडे माझी पत्रे पोचलेली आहेत. सोसायटीतली मुले मला 'चिठ्ठीवाले अंकल' म्हणतात. माझी पत्नी वसुधा म्हणते, "ह्यांचं रक्त तपासायला दिलं तर रिपोर्टात शाई येईल."

आजच्या रागाचा विषय लग्न. नेमके सांगायचे तर लग्नाच्या आधीचे काही महिने. त्या काळात दोन सुशिक्षित, कमावती माणसे हॉल पाहतात, पनीरचे चार प्रकार चाखून त्यांतला एक नापसंत करतात, हळदीला कोणी कोणत्या रंगाचे नेसावे यासाठी मोबाइलवर वेगळा गट काढतात. इतके सगळे ठरते. लग्न झाल्यावर राहायचे कोठे, कमाई कोणाची, घर कोणाचे, म्हातारे आईवडील कोणाकडे, हे ठरवायला मात्र एक दुपारही मिळत नाही. मग काही वर्षांनी हीच माणसे माझ्या टेबलासमोर येतात आणि तेव्हा त्यांना भरपूर दुपारी मिळतात. तारखांवर तारखा.

दोन जोडपी सांगतो. दोन्हींतल्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पहिले जोडपे दोघेही केंद्र सरकारी नोकरीतले, दोघेही महाराष्ट्रातून आलेले. पत्रिका पाहिली होती, गुण उत्तम, नाडीदोष नाही. लग्नानंतर वर्षभरात तिची बदली ईशान्येकडे झाली. ती स्वीकारायची असे तिने नोकरीला लागल्या दिवसापासून ठरवले होते. बायको दिल्लीतच राहील असे त्यानेही तितक्याच पूर्वीपासून गृहीत धरले होते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. माझ्यासमोर बसून ती त्याला म्हणाली, "तुझ्या घरच्यांनी माझा रक्तगट विचारला, चष्म्याचा नंबर विचारला. बदलीचं कोणीच विचारलं नाही." तो म्हणाला, "तू तरी कुठे सांगितलंस?" या दोन वाक्यांवर पुढे तीन वर्षे खटला चालला. माझी फी मिळत गेली, हेही नोंदवतो.

दुसरे जोडपे गुरुग्रामच्या उंच इमारतीतले. घराच्या कर्जाचा हप्ता तो भरी. किराणा, मुलाची शाळा, कामवाल्या, सासऱ्यांची औषधे ती पाही. वाटणी समजूतदारपणाची होती. फाटले तेव्हा त्याच्याकडे बँकेचा उतारा होता. सगळे हप्ते, त्याच्या नावाने, ओळीने. तिच्याकडे काय असणार? भाजीवाला पावती देत नाही. तिने घातलेला पैसा खाऊन, नेसून, शिकून संपला होता. तिच्या बाजूने मी जीव तोडून भांडलो आणि थोडेफार मिळवूनही दिले, पण मिळायला हवे होते त्याच्या ते जवळपासही नव्हते. लग्नाआधी अर्ध्या पानावर एवढे लिहिले असते, की 'हप्ता कोणीही भरो, घर दोघांचे समान', तर न्यायाधीशांच्या हाती निदान दोघांच्या मनातले काय होते याचा पुरावा पडला असता.

'निदान पुरावा' असे मी म्हणतो, कारण यापलीकडे आपला कायदा फार काही देत नाही. बाहेरच्यांसाठी सोपे करून सांगतो. आपल्याकडे हिंदू विवाह हा संस्कार मानला गेला आहे, आणि लग्न मोडल्यास काय, हे आधीच लिहून ठेवणे सार्वजनिक हिताला धरून नाही असे न्यायालये म्हणत आलेली आहेत. पोटगीचा हक्क आधीच सोडून दिला तरी ते चालत नाही, आणि चालू नये हेही बरोबर आहे. आमच्या बाररूममधले कुरेशी मला नेहमी चिडवत, "आमच्या निकाहनाम्यात अटी लिहायची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुमच्याकडे सात फेरे घ्यायचे आणि मग वकील शोधायचा." गोव्यात नोंदणी करून असा करार करता येतो. आम्ही दिल्लीकर हिंदू मात्र अधांतरी. म्हणून या विषयावर स्पष्ट कायदा करावा, अशी पत्रे मी वर्षानुवर्षे मंत्रालयाला लिहीत आलो. एकदा उत्तर आले. ते रेल्वेच्या ज्येष्ठ नागरिक सवलतीबद्दलच्या माझ्या दुसऱ्या पत्राचे होते.

कायदा अपुरा असूनही करार करू पाहणारी माणसे येतच. एका मराठी मुलाशी लग्न ठरलेली पंजाबी मुलगी आली होती. तिला एक कलम हवे होते: डाळीत गूळ घालणार नाही. मी तिला गंभीरपणे समजावले की अशा कलमाची अंमलबजावणी कोणतेही न्यायालय करून देणार नाही. ती म्हणाली, "कोर्ट को नहीं, वकील साहब. सासू माँ को दिखाना है." मी तेव्हा तिला हसलो. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होते हे समजायला माझ्या स्वतःच्या मुलीचे लग्न ठरावे लागले.

माझी मुलगी मुक्ता गुरुग्रामला नोकरी करते. हृषीकेश साळुंखे तिच्याच क्षेत्रातला, मूळ कऱ्हाडचा. मुलगा शांत, नम्र, दारात बूट काढून ओळीत ठेवणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केले होते, साखरपुड्याची तारीख ठरली होती. अशात एका रविवारी मुक्ता म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना सांगता ना, लग्नाआधी लिहून ठेवा म्हणून? आम्हालाही ठेवायचंय. एक साधा ड्राफ्ट करून द्या. एक पान, बस. आम्ही दोघं बसून भरू."

माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत सरकारने ऐकले नाही, ते माझ्या घरात ऐकले गेले होते. मी त्याच संध्याकाळी बसलो आणि आठवडाभर उठलो नाही. एका पानाची बावीस पाने झाली. साळुंखे मंडळींना समजावा म्हणून मसुदा मराठीत केला. कोऱ्या कागदावरून सुरुवात करणारा वकील मी अजून पाहिलेला नाही. संगणकात माझा जुना भाडेकरार होता, त्याचाच सांगाडा घेऊन मी मांस चढवले. मग ठरलेल्या शिस्तीने तो मसुदा हृषीकेशला रजिस्टर ए.डी.ने रवाना केला. त्याच्या भाड्याच्या घराचा पत्ता बदलता असल्याने कार्यालयाचा पत्ता घातला. सोबतच्या पत्रात 'पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत न आल्यास आपणांस मसुदा मान्य आहे असे समजण्यात येईल' हे वाक्य होते. पत्राच्या तळाशी, सरकारी खात्याने अंगी लावलेल्या सवयीने, 'प्रत माहितीसाठी सादर' असे लिहून एक प्रत कऱ्हाडला त्याच्या वडिलांना पाठवली. मुक्ताला यातले काही सांगितले नाही. तिला आनंदाचा धक्का द्यावा असा विचार होता.

धक्क्याचा भाग यथास्थित पार पडला.

पहिला फोन कऱ्हाडहून आला. हृषीकेशचे वडील साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेले. आवाज अत्यंत शांत होता, आणि शांत पक्षकाराला मी नेहमीच भीत आलो आहे.

"वकीलसाहेब, साळुंखे बोलतोय. तुमचं टपाल मिळालं."

"आभारी आहे. काही सूचना?"

"सूचना कसली, एक शंका आहे. हितं लिहिलंय, हा करार अकरा महिने अमलात राहील. मग पुढं काय करायचं?"

दिल्लीत भाडेकरार अकरा महिन्यांचा करतात, कारण वर्षाचा केला तर नोंदणी करावी लागते. हे कलम इतक्या वेळा माझ्या हातांखालून गेले होते की डोळ्यांना ते दिसणेच बंद झाले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचे वाचले, हिशेबनिसाच्या संथपणाने, बोट ठेवून वाचावे तसे.

"मुदत संपताच, नैसर्गिक झीज वगळता, मूळ स्थितीत परत करण्यात येईल. हे आमच्या पोराचं लिहिलंय का तुमच्या पोरीचं?"

"साळुंखेसाहेब, तो साचा..."

"आमच्याकडं शेत खंडानं देतात, वकीलसाहेब. पोरगा अजून कुणी दिला नाही." मग ते म्हणाले, "साखरपुड्याचं तूर्त राहू द्या. आम्हाला जरा इचार करू द्या."

फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की 'तूर्त' हा शब्द संदिग्ध आहे. स्वतःबद्दल याहून वाईट काही मी जाणत नाही.

संध्याकाळी मुक्ता आली ती थेट माझ्या खोलीत. "बाबा, एक पान म्हटलं होतं मी. एक."

"एका पानात सर्व शक्यता..."

"तुम्ही ऑफिसला पाठवलंत. रिसेप्शनवर बोलावून सही घेतली त्याच्याकडून. अख्ख्या फ्लोअरला वाटतंय ऋषीवर केस झालीये. त्याचा मॅनेजर विचारतोय, लीगल हेल्प पाहिजे का."

"नोटीस बजावायला कामाचं ठिकाण ग्राह्य धरतात."

"नोटीस?" ती खुर्चीत बसली. "बाबा, यार." मग ती इतकी हळू बोलली की मला पुढे वाकावे लागले. "ऋषीच्या अण्णांनी साखरपुडा थांबवलाय. माहितीये ना तुम्हाला?"

माहीत होते. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवताना 'आई, बाबांना आमटी हवी का विचार' असे चालू झाले. वसुधा म्हणाली, "आता एक पत्र माफीचं लिहा. दोन ओळींचं. जमेल?" मी लिहिले. ओळी बऱ्याच झाल्या, आणि शेवटी सवयीने 'सदर दिलगिरी आमच्या कोणत्याही हक्कास बाधा न येता व्यक्त करण्यात येत आहे' असे लिहिले गेले. वसुधाने ते वाचून पाकीट स्वतःकडे ठेवून घेतले. ते तिने काही टपालात टाकले नाही.

वाचवले ते हृषीकेशने. तो एकटाच घरी आला, बूट काढले, मसुदा मांडीवर घेऊन बसला. मला वाटले आता हरकती येणार. तो म्हणाला, "काका, एक डाउट आहे. व्याख्यांमध्ये लिहिलंय, 'वर' या शब्दात ज्या व्यक्तीला वराचे हक्क हस्तांतरित होतील तिचाही समावेश होतो. समजा लग्नाच्या दिवशी मला ऑफिसने सोडलं नाही, तर मी रूममेटला पाठवू शकतो का?"

मी ते कलम पुन्हा वाचले. "तत्त्वतः, हो," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात आधी वसुधा हसली आणि मग, किती तरी दिवसांनी, मुक्ता.

हृषीकेश जाताना म्हणाला, "आई-अण्णांना दिल्लीला बोलावलंय. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात खोली मिळालीये. तुम्ही तिघं या. फक्त काका, लिहून काही आणू नका."

मी फाइल नेली. फाइल न नेता कोठे जाणे मला अंगावर सदरा नसल्यासारखे वाटते.

खोलीत चहा आला, कऱ्हाडहून आणलेल्या लाडवांचा डबा उघडला गेला. साळुंखे खिडकीतून बाहेरची वाहने पाहत होते. मी घसा साफ करून म्हटले, "तो प्रकार माझ्या हलगर्जीमुळे झाला. परंतु मूळ कल्पना रास्त आहे, एवढं मी नम्रपणे..."

"रास्त?" साळुंखे वळले. "लग्न व्हायच्या आधीच मोडायचं लिहायचं? आमच्या घरात कागदाशिवाय संसार झाले, वकीलसाहेब."

"कागदाशिवाय कुठं झाले?"

हे हृषीकेशच्या आई म्हणाल्या. कुमुदताई तोवर लाडू पुढे करण्यापलीकडे काही बोलल्या नव्हत्या. "आपल्या लग्नाची यादी झाली नव्हती होय? माझ्या मामांनी लिहिली, तुमच्या काकांनी वाचली. कोपऱ्यांना कुंकू लावलं, दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या. कागदच होता की तो."

दिल्लीत वाढलेल्यांसाठी सांगतो. आपल्याकडे लग्न पक्के झाले की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून यादी करतात. मानपान, कपडे, भांडी, जेवण, वाजंत्री यांपैकी कोणी काय करायचे ते लिहायचे, मोठ्याने वाचायचे, कागदाला कुंकू लावायचे. मी शेकडो मराठी घरांची भांडणे पाहिली, यादीवरून झालेलीही पाहिली; पण मी ज्या करारासाठी मंत्रालयाला पत्रे लिहितो आहे त्याचा सांगाडा माझ्याच माणसांच्या रीतीत पडलेला आहे, हे मला कधी सुचले नव्हते. मी गेलो भाडेकराराकडे.

"ती वेगळी गोष्ट," साळुंखे म्हणाले. "ती दोन घरांची यादी."

"तेच म्हणतेय मी. दोन घरांची. बुंदी का जिलेबी, ते होतं तिच्यात. वाजंत्रीवाल्यांचं जेवण कुणाकडं, ते होतं. मी शाळेत शिकवत होते, ते नव्हतं. लग्नानंतर शिकवायचं का नाही, कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी नाहीसुद्धा म्हटलं नाही. मी आतल्या खोलीत बसून जिलेबीचं ऐकत होते. नोकरी आपोआप गेली."

साळुंखे म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

माझ्या त्या पहिल्या जोडप्याचीच ही दोन वाक्ये होती. फक्त इथे त्यांच्यामध्ये तीन वर्षांचा खटला नव्हता, सबंध संसार गेला होता. साळुंखे पुन्हा खिडकीकडे वळले, पण आता ते वाहने पाहत नव्हते.

कुमुदताई माझ्याकडे वळल्या. "वकीलसाहेब, तुमचं बाड राहू द्या. यादीच करू. पण आपण लिहायची नाही. ज्यांचं लग्न आहे ती लिहितील, आपण ऐकायचं."

कोरा कागद कोणाकडे नव्हता. माझ्या मसुद्याच्या शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती. बावीस पानांपैकी तेवढीच बाजू उपयोगाला आली.

मुक्ता लिहू लागली, हृषीकेश सांगू लागला, मग उलट. तिचे दागिने तिचे. त्याने आधी घेतलेले कर्ज त्याचे. घर घेतले तर हप्ता कोणीही भरला तरी दोघांचे, अर्धे अर्धे. दोघांच्याही आईवडिलांना गरज पडेल तेव्हा घर उघडे. मात्र कोणाला कायमचे आणायचे झाल्यास आधी एकमेकांना विचारायचे. साळुंख्यांनी इथे होकारार्थी मान हलवली. सगळे सुरळीत चालले होते, आणि मी मनातल्या मनात प्रत्येक वाक्यातल्या त्रुटी मोजत होतो, इतक्यात हृषीकेश सहज म्हणाला, "आणि पाचएक वर्षांनी पुण्याला शिफ्ट व्हायचं, ते लिही."

मुक्ताचे पेन थांबले. "कोणी?"

"आपण. आई-अण्णांच्या जवळ."

"ऋषी, मी दिल्ली सोडणार नाहीये. माझं सगळं काम इथे आहे. तू कधी बोलला नाहीस."

"मला वाटलं, ते तर ऑब्व्हियस आहे."

दोघांचेही चेहरे बदलले. दोघे उठून बाहेरच्या लांब व्हरांड्यात गेले आणि दार लोटून घेतले. आत आम्ही चौघे राहिलो, चौघांनाही एकच भीती. अकरा महिन्यांच्या कलमातून वाचलेले लग्न आता एका खऱ्या प्रश्नावर उभे होते. दारापलीकडून मुक्ताचा आवाज चढला, उतरला, मग बराच वेळ काही ऐकू येईना. साळुंख्यांनी माझ्यापुढे लाडवांचा डबा सरकवला. मी एक घेतला. त्यांनीही घेतला. त्या दिवसातला आमच्यातला तेवढाच तह.

मी तेव्हा स्वतःला विचारले: हे आज इथे होते आहे ते बरे, की पाच वर्षांनी, पदरात मूल आणि डोक्यावर कर्ज असताना, माझ्यासारख्या कोणाच्या टेबलासमोर झाले असते ते? लग्नाआधी करार करा असे मी सांगतो त्याचे सगळे कारण त्या बंद दारामागे होते. न्यायालय तो कागद मानेल न मानेल. पण कागदावर लिहायचे म्हटले की माणसाला आधी विचारावे लागते, आणि दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. ज्यांचे लग्न त्या विचारण्याने मोडणार असेल, ते त्या विचारण्याने मोडलेलेच बरे. हे मी इतरांच्या मुलांबद्दल नेहमी ठामपणे म्हणत आलो होतो. त्या खोलीत मात्र मी मनातून एवढेच म्हणत होतो की दोघांनी लवकर आत यावे.

आली. मुक्ताचे डोळे लाल होते. ती बसली आणि तिने लिहिले: गाव बदलण्याबद्दल दोघांपैकी कोणीही, दुसऱ्याशी बोलल्याशिवाय, कोणालाही शब्द द्यायचा नाही. घरच्यांनाही नाही, ऑफिसलाही नाही. मग हृषीकेशने आणखी एक ओळ घातली: निभलेच नाही, तर एकमेकांची गुपिते वकिलांना सांगायची नाहीत. मी हरकत घेणार होतो. वसुधाने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आता शेवटचं," मुक्ता म्हणाली, आणि त्या सबंध प्रकरणात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून तिने लिहिता लिहिता वाचले. "आमच्या दोघांच्या भांडणात बाबांनी कोणाच्याही बाजूने, कोणालाही पत्र लिहायचं नाही. ई-मेलसुद्धा नाही."

साळुंखे इतके हसले की त्यांना ठसका लागला. कुमुदताईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि कागदाच्या चारही कोपऱ्यांना बोट टेकवले. दोघांनी सह्या केल्या. "वकीलसाहेब, साक्षीदार म्हणून तुम्ही करा," साळुंखे म्हणाले, "म्हणजे पुन्हा टपाल नको." मी सही केली. दुसऱ्या बाजूच्या छपाईत 'मूळ स्थितीत परत' ही अक्षरे कुंकवातून लालसर दिसत होती. साखरपुडा ठरल्या तारखेला झाला, लग्नही.

दीडेक वर्षाने एका रविवारी मुक्ता बॅग घेऊन आली. हृषीकेशच्या कंपनीने त्याला पुण्याची जागा देऊ केली होती आणि मीटिंगमध्ये सर्वांसमोर तो हो म्हणून आला होता. मुक्ताला त्याने ते नंतर घरी येऊन सांगितले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, तेव्हा नाही म्हणता येण्यासारखे नव्हते. ती आतल्या खोलीत जाऊन पडली.

मी टेबलाशी बसलो. कागद घेतला, तारीख घातली, 'विषय:' लिहिले. सरळसरळ करारभंग होता, तोही लेखी कराराचा, आणि मी स्वतः साक्षीदार. असे प्रकरण वकिलाच्या आयुष्यात क्वचितच इतके स्वच्छ येते. मग ते शेवटचे कलम आठवले.

वसुधा चहा घेऊन आली तेव्हा मी तिला समजावले की ते कलम मला लागू होत नाही. एक, साक्षीदार हा करारातला पक्षकार नसतो. दोन, त्याच्या बदल्यात मला काहीही मिळालेले नाही, आणि मोबदल्याशिवाय करार नाही. तीन, कोणाला पत्र लिहिण्यापासून जन्मभर रोखणे कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही.

"तिन्ही बरोबर?" तिने विचारले.

"निर्विवाद."

"मग लिहा की." तिने कप ठेवला आणि ती गेली.

मी पेन हातात धरून बसलो. आतून मुक्ताचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. "फोटो पाठवलाय यादीचा. गाव बदलायचं कलम वाच. नाही, मी ओरडत नाहीये. खाली सही तुझीच आहे ना, ते बघ. मग ये."

संध्याकाळी तो मेट्रोने आला. बूट काढले, पण ओळीत ठेवायचे विसरला. माझ्या खोलीच्या दारात थांबला, टेबलावरच्या कागदाकडे पाहिले, आणि अपराध्यासारखे विचारले, "काका, पोस्टात गेलं का?"

"काय?" मी म्हणालो. "मला काही ठाऊक नाही."

ती दोघे आत बराच वेळ बोलत बसली. सोमवारी त्याने कार्यालयाला होकार मागे घेऊन मुदत मागितली, एवढे मला वसुधाकडून कळले. पुढे दोघांत काय ठरले ते त्यांचे त्यांना; मला कळवण्याचे बंधन त्या यादीत नाही.

'विषय:' लिहिलेला कागद मात्र मला फाडवेना. इतका राग वाया घालवणे बरे वाटले नाही. मी त्यावर आमच्या सोसायटीच्या सचिवांना लिफ्टबद्दल चार पानी पत्र लिहून त्याच दिवशी खाली नेऊन दिले. लिफ्टनेच गेलो. ती उत्तम चालू होती.